झोप लागते का, मेजर?

आमच्या भागात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात. शिपाई म्हणून घरी आलेला असो की सुभेदार म्हणून, गावाच्या लेखी तो मेजरच. हदगाव तालुक्यात सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून मी काही वर्षं काम केलं, तेव्हा हे मेजर माझ्यासमोर यायचे ते बहुधा आजारी म्हणून नाही. त्यांना एक कागद हवा असायचा.

त्या कागदाचं नाव एस-३. शस्त्र नियम, २०१६ मधला हा नमुना. बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करणारा माणूस शरीरानं आणि मनानं धडधाकट आहे आणि कोणत्याही नशेच्या आहारी गेलेला नाही, असं त्यावर डॉक्टरनं लिहून द्यायचं. हा कागद जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांचा अहवाल वेगळा जातो, आणि मग परवाना. आमच्याकडे नूतनीकरणाच्या वेळीही मेजर हा दाखला घ्यायला यायचे.

बंदूक त्यांना हौसेसाठी नको असते. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पेन्शन असते, दोन-तीन एकर रान असतं. त्यात सोयाबीन, कापूस, अलीकडे हळद. लेकरं दहावी-बारावीला आलेली असतात. मग नांदेडला, हैदराबादला, पुण्याला बँकेच्या दारात किंवा पैसे नेणाऱ्या गाडीवर गनमॅनची जागा निघते. जाहिरातीत एक ओळ असते : स्वतःची बंदूक आणि परवाना असावा. त्या ओळीसाठी माणूस बारा बोअरची दुनळी घेतो. शेतकऱ्याला बैलजोडी, तशी त्याला ती बंदूक.

तपासणी मी अशी करायची : रक्तदाब, वजन, नजर, दोन्ही हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का ते पाहणं. मग विचारायचं, “झोप लागते का, मेजर?”

“एक नंबर, मॅडम.”

“दारू?”

“कधीमधी. कँटीनची.”

“मनात काही विचार, चिडचिड?”

“काही नाही, मॅडम. ऑल ओके.”

बाहेर व्हरांड्यात शंभरावर केसपेपर रांगेत असायचे. चार मिनिटांत सही, शिक्का. शेकडो माणसांना हाच प्रश्न मी विचारला आणि मेजर लोकांकडून एकदाही वेगळं उत्तर ऐकलं नाही. इतकी माणसं इतकी छान कशी झोपतात, हे माझ्या मनात फार उशिरा आलं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत, २०२३ च्या ऑक्टोबरात, एक बाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आली. पैनगंगेच्या काठाकडचं गाव. (ओळख पटू नये म्हणून इथल्या माणसांचे काही तपशील मी बदलले आहेत.) गोळ्या घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“मॅडम, आमचे मालक रातच्याला झोपनात.”

“किती दिवसांपासून?”

“फौजेतून आल्यापासूनच. पण आता लई झालं. तीनदा उठून कडी बघतेत. भिंतीला पाठ लावून बसतेत. अन् उसात शिरनात. पाणी द्यायला लेकराला पाठवतेत, आपण बांधावर उभे राहतेत.”

बंदूक कुठे ठेवतात, असं मी विचारलं. ती म्हणाली, “उशाला.”

नाव विचारलं तेव्हा ते ओळखीचं वाटलं. संध्याकाळी जुनी फाईल काढली. पाच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, मीच त्याला एस-३ दिला होता. मन ठीक, शरीर ठीक, नशा नाही. खाली माझी सही. त्या रात्री मलाही झोप आली नाही. मी कुणाचे पैसे घेतले नव्हते की नजरेआड काही केलं नव्हतं. नियमात जे विचारायला सांगितलंय ते विचारलं होतं आणि मिळालेलं उत्तर लिहिलं होतं. तरीही तो कागद खोटा होता, आणि तो खोटा ठरेल अशा रीतीनंच प्रश्न विचारला गेला होता.

फौजेत वैद्यकीय दर्जा ठरवताना ‘शेप’ हा शब्द वापरतात. पाच इंग्रजी अक्षरं : मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे. त्यात पहिलं अक्षर ‘एस’, म्हणजे मनाची अवस्था. सगळं ठीक असेल तर माणूस ‘शेप वन’. एखाद्या अक्षराचा दर्जा उतरला की जवान म्हणतात, “कॅटेगरी लागली.” गुडघ्यानं किंवा कानानं कॅटेगरी लागली तर जवान ते चारचौघांत सांगतो. ‘एस’नं लागली तर बराकीत कुजबुज होते, बढती अडते, आणि घरी तो काहीच सांगत नाही. भरतीच्या दिवसापासून माणूस शिकत आलेला असतो की डॉक्टरच्या या प्रश्नाला एकच उत्तर आहे. तेच उत्तर घेऊन तो माझ्या टेबलासमोर उभा राहतो. मी पांढऱ्या कोटात आहे की वर्दीत, यानं त्याला फरक पडत नाही. माझ्या हातातल्या पेनानं त्याची रोजी जाऊ शकते, एवढंच तो बघतो.

त्याला बोलावून घ्यायला मला तीन आठवडे लागले. आला तो ताठ. बायकोनं सांगितलं हे कळल्यावर संतापला. मी ऐकून घेतलं. मग त्यानं जे मांडलं ते मी कधी विसरणार नाही. “तुम्ही कागदावर ‘मानसिक’ असा एक शब्द लिहिला की बंदूक गेली. बंदूक गेली की ड्युटी गेली. ड्युटी गेली की पोरीची नीटची फी गेली. सांगा, काय खरं बोलू?” पोरगी नांदेडला क्लासला होती. आमच्याकडे नांदेड-लातूरच्या क्लासेसच्या फीपायी घरादाराची गणितं ठरतात. त्याचं बोलणं हवेतलं नव्हतं.

मी म्हटलं, उसाचं सांगा. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “कुपवाड्याला मक्याचं रान असतं, मॅडम. दोन हातांवर माणूस उभा असला तरी दिसत नाही. आपला ऊस तसाच.” पुढचं त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याची भीती कितपत खरी आहे हे पाहायला मी कायदा काढून बसले. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १४ मध्ये मनोविकल माणसाला परवाना नाकारावा असं म्हटलंय, आणि कलम १७ खाली दिलेला परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. त्याची भीती उभी आहे ती या दोन कलमांवर. पण त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ आला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही. तसं ठरवायचं तर सक्षम न्यायालयानं ठरवायचं. कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा डॉक्टरला बोलता येतं, पण अपवाद मोजके आहेत. म्हणजे झोपेची गोळी घेणारा, दचकून उठणारा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा माणूस आणि कायद्यातला ‘मनोविकल’ हे एक नाहीत. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचणारे डॉक्टर थोडे आहेत. मीही आधी वाचले नव्हते.

पुढच्या भेटीत मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्यानंतर प्रत्येक मेजरला प्रश्न विचारायच्या आधीच सांगत आले. तुम्ही उपचाराला आलात हे मी कोणत्याही कार्यालयाला कळवणार नाही. दाखल्यावर मात्र खोटं लिहिणार नाही. आणि तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही. तिसरी गोष्ट ऐकून माणूस बिथरेल असं मला वाटायचं. उलट झालं. फौजी माणसाला नियम आधी कळलेला हवा असतो. नियम माहीत असला की तो बोलतो.

राहिली उशाची बंदूक. मराठवाड्यात काम करणाऱ्या डॉक्टरला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. अपघात विभागात नातेवाईक खांद्यावर माणूस घेऊन येतात आणि म्हणतात, “औषध घेतलं.” आमच्या बोलीत आजार बरा करणाऱ्यालाही औषध म्हणतात आणि फवारणीच्या विषालाही. वाचलेली माणसं दोन दिवसांनी शुद्धीवर येऊन सांगतात की दहा मिनिटांपूर्वी असं काही मनात नव्हतं. भांडण झालं, आणि डबा हाताशी होता. मरणाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. श्रीलंकेनं १९९५ नंतर सर्वांत जहाल कीटकनाशकं बाजारातून काढली आणि दहाएक वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. माणसं दुःखी होणं थांबलं नव्हतं. डबा हाताशी राहिला नव्हता. म्हणून आम्ही प्रत्येक घराला सांगतो की फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. बंदुकीला हाच नियम लागतो, अधिक कडक.

पण मेजरला “बंदूक घराबाहेर ठेवा” सांगणं म्हणजे त्याचा पदर ओढल्यासारखं. मला ते जमलं नाही. जमलं ते त्याच्या शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या सुभेदाराला. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं होतं, त्याच्याशी बोलाल का. ते दवाखान्याच्या बाकावर त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, “फौजेत ड्युटी संपली की हत्यार कोतात जमा करायचास का नाही?”

“करायचो.”

“तेव्हा लाज वाटली का?”

“नाही.”

“मग आता ड्युटी नाही. जमा कर.”

कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. रोज हत्यार घ्यायचं, वहीत सही करायची. काम संपलं की परत द्यायचं, सही करायची. जो माणूस सतरा वर्षं हे करत आला त्याला “बंदूक सोड” म्हटलेलं सहन होत नाही, “जमा कर” म्हटलेलं होतं. मी मानसशास्त्रात शोधत बसले असते तरी हा शब्द मला सापडला नसता.

आपल्याकडे परवानाधारकाला आपलं हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवता येतं. पावती मिळते, परवाना आपल्याजवळ राहतो. मेजरनं डिसेंबरात बंदूक ठाण्यात दिली. गावात चर्चा होईल या धास्तीनं दोन महिने तो बाजारच्या दिवशी गावाबाहेर पडला नाही. मग १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. हदगाव जिल्ह्यानं नांदेडचं असलं तरी लोकसभेला हिंगोलीत मोडतं. आमचं मतदान २६ एप्रिलला होतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, ही इथं सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. बँकेवरच्या गार्डांना सहसा सूट मिळते, पण गावाला एवढं कोण सांगतं? पाटलाची बंदूक गेली, सरपंचाच्या चुलत्याची गेली, मेजरची आधीच गेलेली होती. कुणी चकार शब्द काढला नाही. त्या दिवसापासून मला वाटत आलंय की निवडणुकीच्या शांततेसाठी दोन महिने बंदूक जमा करणं जर अपमान नसेल, तर घरातल्या शांततेसाठीही तो नसावा.

नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याचे उपचार सुरू झाले. हदगावहून ६०-६५ किलोमीटर, एसटीनं जाऊन येऊन दिवस मोडतो. पहिल्या महिन्यात दोनदा त्यानं गोळ्या बंद केल्या. एकदा पिऊन आला आणि माझ्यावर ओरडून गेला. बँकेच्या दारातली जागा गेली; एका गोदामावर बिनबंदुकीची रखवाली मिळाली, पगार कमी. त्याची भीती खरी ठरली होती, आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बायकोनं दोन शेळ्या विकल्या, पोरीच्या मामानं फीचा एक हप्ता भरला. दिवाळीच्या आधी ती रक्तदाबाच्या गोळ्यांना आली तेव्हा एवढंच म्हणाली, “उसाला पाणी आता आपणच देतेत.”

हा गुंता आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा १७९१ पासून राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे. आपल्याकडे तो हक्क नाही, सरकारनं दिलेला परवाना आहे. तिथं माजी सैनिकांसाठी स्वतंत्र सरकारी खातं आणि दवाखाने आहेत. ज्या माजी सैनिकाला आपले भत्त्याचे पैसे सांभाळता येत नाहीत असं हे खातं ठरवायचं, त्याचं नाव बंदूक-बंदीच्या यादीत कळवलं जायचं. न्यायाधीशासमोर सुनावणी नाही, हा माणूस धोकादायक आहे का याचा विचार नाही. पैशांचा हिशेब जमत नाही एवढं पुरे. कित्येकांनी त्या भीतीनं मदतच मागितली नाही असं तिथल्या संघटना वर्षानुवर्षं सांगत होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेनं खर्चाच्या कायद्यात अट घातली की न्यायालयानं धोकादायक ठरवल्याशिवाय या कामावर पैसा खर्च करायचा नाही. दुसरी बाजूही तिथं तितकीच खरी आहे : अमेरिकेत आत्महत्या करणाऱ्या माजी सैनिकांपैकी दर दहांत सातच्या आसपास माणसं बंदुकीनं जातात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नावं कळवण्याच्या भीतीनं माणूस दवाखान्यापासून दूर राहतो, आणि बंदूक उशाला राहिली तर जीव जातो. म्हणूनच मला तो सुभेदारांचा शब्द मोलाचा वाटतो. त्यात बंदूक दूर जाते आणि माणूस जवळ येतो.

हे लिहायला घेतलं त्याचं खरं कारण मात्र वेगळा माणूस आहे. तोही फौजेतून आलेला, तोही अबोल. त्यानं कधी परवान्याचा अर्ज केला नाही. त्याच्याकडे बंदूक नव्हती, म्हणून तो कधी माझ्या टेबलासमोर उभा राहिला नाही आणि “झोप लागते का” हे त्याला कुणी विचारलं नाही. एका आषाढात, पेरणी साधली नव्हती तेव्हा, त्याला खांद्यावरून आणलं. “औषध घेतलं.” आम्ही पहाटेपर्यंत झटलो. तो वाचला नाही. त्याच्या भावानं मला विचारलं, “मॅडम, आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं का?” मी हो म्हणाले. त्याला खोटं सांगवलं नाही.

आमच्या सरकारी व्यवस्थेत मनाचा प्रश्न बंदुकीला बांधलेला आहे, ही तिची मोठी चूक आहे असं माझं ठाम मत झालंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. म्हणजे मेजरला झोपेविषयी विचारायचं ते पाच वर्षांतून एकदा, तेही खरं बोललं तर नुकसान होईल अशा वेळी. आशाताईंच्या फॉर्ममध्ये तिशीपुढच्या प्रत्येकासाठी मनाचे दोन प्रश्न आहेत : गेल्या पंधरा दिवसांत कामात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतं का. चांगले प्रश्न आहेत. पण ताई दुपारी घरी जाते तेव्हा पुरुष शेतात किंवा ड्युटीवर असतो, आणि घरी असला तरी ओसरीवर चार माणसं बसलेली असतात. चार माणसांत कोणता मेजर उदास असतो? शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून मराठवाड्यात चालला. पण आमच्या गावांत शेतकरी आणि फौजी ही दोन माणसं नाहीत. एकाच माणसाच्या सातबाऱ्यावर कर्ज असतं आणि स्वप्नात मक्याचं रान.

माझ्यापुरता मी बदल केला तो एवढाच. दाखल्याच्या दिवशी झोपेचा प्रश्न नियमापुरता विचारायचा. आणि दाखला लागत नसेल अशा एखाद्या दिवशी मेजरला साखर-रक्तदाब तपासायला बोलवायचं, सोबत बायकोलाही. रांग संपल्यावर, दार लोटून, आधी त्या तीन गोष्टी सांगायच्या आणि मग विचारायचं. “एक नंबर” हे उत्तर कमी ऐकू येऊ लागलं. कुणी म्हणालं दोन तास झोपतो, कुणी म्हणालं बारशाला फटाके वाजले तेव्हा गोठ्यात जाऊन बसलो होतो. त्यांतले बहुतेक जण आजारी नव्हते. त्यांना सांगायला जागा हवी होती. केंद्रीय राखीव पोलीस दलातून आलेलेही येत. गाव त्यांनाही मेजरच म्हणतं, पण माजी सैनिकांची ईसीएचएस ही वैद्यकीय योजना त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी जवळचा दवाखाना हा सरकारीच.

माझ्यासारख्या डॉक्टरांना माझं सांगणं आहे : एस-३ वर सही करण्याआधी त्या माणसाला एकदा दुसऱ्या कामासाठी भेटा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना विनंती आहे की मेळाव्यात पेन्शनच्या रांगेशेजारी एक बंद दाराची खोली द्या आणि तिथं एखादा जुना सुभेदार बसवा. आणि ज्या घरात असा मेजर आहे त्या घरच्या बाईला : तो रात्री बसून राहत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. हत्यार असेल तर “जमा करा” म्हणा, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा वेगळा कक्ष सुरू झाला आहे.

त्या मेजरचा परवाना शाबूत आहे. बंदूक परत आणायची की नाही हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. पावती बायकोच्या ट्रंकेत आहे.